खिशातला नवा करार की संपूर्ण बायबल? बुडालेल्या हंगामातील वाचकासाठी एक परीक्षण

पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, पट्ट्यातील आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत मराठी बायबल तीन रूपांत वापरले जाते. पहिले म्हणजे जुना करार (येशूच्या आधीची शास्त्रे) व नवा करार (येशू आणि त्याचे शिष्य यांविषयीची पुस्तके) एकत्र असलेले, मोठ्या टाइपातील, रेक्झिनच्या पुठ्ठ्याचे 'पवित्र शास्त्र'. दुसरा, शर्टाच्या खिशात मावणारा नवा करार, ज्याला बहुधा जुन्या करारातील स्तोत्रसंहिता आणि नीतिसूत्रे ही पुस्तके जोडलेली असतात. तिसरे, मोबाइलवर ऐकायचे ध्वनिमुद्रित वाचन. या तिन्हींचे परीक्षण मी एकाच गरजेपुरते करणार आहे. हंगाम बुडाला आहे, बँकेचे पीक कर्ज थकले आहे, घरात कोणी अंथरुणाला खिळले आहे किंवा कोणी कायमचे गेले आहे, आणि सकाळी उठून वावरात जावे असे मनातून वाटत नाही, अशा अवस्थेतील माणसाच्या हाती यांपैकी काय द्यावे, एवढाच येथे प्रश्न आहे. माझे उत्तर आधीच सांगून टाकतो. मोठ्या टाइपातील संपूर्ण बायबल द्यावे, आणि त्यातील वचने, म्हणजे अध्यायांतील क्रमांक दिलेली वाक्ये, सुटी न उचलता अध्यायच्या अध्याय वाचावेत.

हे मुद्दाम सांगावे लागते, कारण आमच्याकडे बायबलची ओळख बरेचदा भिंतीवरून होते. ख्रिस्ती घरात वचनांचे कॅलेंडर असते, दाराच्या वर चौकट असते आणि अलीकडे रोज सकाळी मोबाइलवर फुलांच्या चित्रावर छापलेले वचन येते. यांत जुन्या करारातील यिर्मया या संदेष्ट्याच्या (देवाचा संदेश सांगणाऱ्याच्या) पुस्तकातील एकोणतिसाव्या अध्यायातील अकरावे वचन सर्वांत लोकप्रिय असावे. आपल्याविषयीचे देवाचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, आणि ते भावी काळाची आशा देणारे आहेत, असा त्याचा आशय आहे. वचन सुंदर आहे यात वाद नाही. परंतु बोंडअळीने पोखरलेल्या बोंडांचा ढीग समोर असताना कोणी हे एवढेच वाक्य पाठवले, तर ते सांत्वनापेक्षा शुभेच्छापत्रासारखे वाटते, आणि ज्याला ते पाठवले त्याच्या मनात आपले दुःख कोणी ऐकूनच घेतले नाही अशी भावना राहते.

तोच अध्याय पहिल्या ओळीपासून वाचला की वचनाचे वजन बदलते. ते एका पत्रातील वाक्य आहे. यरुशलेमेतून बाबेलला (बॅबिलोनला) बंदिवान करून नेलेल्या लोकांना यिर्मया लिहितो की तेथे घरे बांधा, बागा लावून त्यांचे फळ खा, मुलामुलींची लग्ने करा आणि ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याच्या हितासाठी प्रार्थना करा. लवकरच सुटका होणार असे सांगणाऱ्या संदेष्ट्यांवर विश्वास ठेवू नका, असेही तो बजावतो. आणि मग दहाव्या वचनात मुदत येते ती सत्तर वर्षांची. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांपैकी जे चाळिशीचे होते त्यांना परतीचा दिवस दिसणार नव्हता, आणि तरीही त्यांना झाडे लावायला सांगितले होते. 'यंदा भाव नक्की मिळेल' हे वाक्य ज्या भागात दर वर्षी कोणी ना कोणी ऐकवून जाते, तेथे मुदत खरी सांगणारे आणि तोवर काय करायचे तेही सांगणारे पत्र अधिक विश्वासार्ह वाटते. कॅलेंडरवर दहावे वचन कधी छापलेले मी पाहिलेले नाही.

आता खिशातल्या नव्या कराराविषयी. त्याचे गुण मान्य करायलाच हवेत. तो स्वस्त असतो, अनेकदा मोफत मिळतो, एसटीच्या प्रवासात वाचता येतो आणि तो दिला म्हणून कोणावर दडपण येत नाही. विदर्भाच्या ख्रिस्ती इतिहासात तर अशा एका प्रतीला मोठे स्थान आहे. कवी नारायण वामन टिळक नोकरीच्या निमित्ताने नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने जात असताना डब्यातील एका मिशनऱ्याने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन धरून ठेवले आणि १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळक मात्र सत्याचा शोध घेणारे विद्वान होते. खचलेल्या शेतकऱ्याच्या गरजेला तीच पाने तशीच लागू पडतील असे नाही. त्याच प्रवचनात, मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात, आकाशातील पाखरे पेरत नाहीत, कापणी करत नाहीत, कोठारात साठवत नाहीत, तरी स्वर्गीय पिता त्यांना खायला देतो असे येशू म्हणतो. हे वाचून एका प्रार्थनासभेत एक वयस्क शेतकरी शांतपणे म्हणाले होते, 'पाखरं पेरत नाही हे खरं हाये, पण आमी तं पेरून बसलो ना!' सभेतले सगळे हसले आणि मग कोणालाच पुढे बोलता येईना.

त्या प्रश्नाचे उत्तर नव्या करारात नाही असे मला म्हणायचे नाही. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात प्रेषित पौल संकटाने धीर, धीराने शील आणि शीलाने आशा निर्माण होते अशी साखळी मांडतो, आणि ती आशा लाजवत नाही असे म्हणतो. फिलिप्पैकरांस पत्र तर त्याने कैदेतून लिहिले आहे. परंतु नवा करार स्वतःच वाचकाला पुन:पुन्हा मागे, जुन्या कराराकडे पाठवतो. वधस्तंभावर येशूने 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' असा आक्रोश केला, असे मत्तय आणि मार्क हे दोघेही शुभवर्तमानकार नोंदवतात. हे बाविसाव्या स्तोत्राचे पहिले वाक्य आहे. ते स्तोत्र त्या आक्रोशाने सुरू होऊन, तहान, उपहास आणि अंगावरचे कपडे वाटून घेणारे लोक यांच्यातून जात, शेवटी मंडळीत केलेल्या स्तुतीपर्यंत पोहोचते. ते पूर्ण वाचल्याशिवाय वधस्तंभावरील वाक्य अर्धेच ऐकू येते. खिशातल्या प्रतीत स्तोत्रे असतील तर निदान हे साधते. नुसता नवा करार असेल तर तेही नाही.

लूकच्या चोविसाव्या अध्यायातील अम्माऊसची वाट मला याबाबतीत निर्णायक वाटते. दोन शिष्य खिन्न होऊन यरुशलेमेहून सुमारे सात मैलांवरच्या गावी चालले आहेत आणि सोबत आलेल्या अनोळखी वाटसरूला सांगतात की येशूच इस्राएलाची मुक्ती करणार अशी आमची आशा होती. 'होती' हा भूतकाळ आमच्याकडे दिवाळीनंतर घराघरांत ऐकू येतो. तो वाटसरू पुनरुत्थित, म्हणजे मरणातून उठलेला, येशूच असतो, पण तो 'पाहा, मी जिवंत आहे' असे सांगून त्यांचे दुःख चटकन संपवत नाही. तो मोशे आणि सर्व संदेष्टे यांच्यापासून आरंभ करून शास्त्र उलगडत जातो, आणि ओळख पटते ती नंतर, भाकर मोडताना. पुनरुत्थानाच्या दिवशीसुद्धा आशा परत आली ती आधी जुना करार समजावून घेऊन. शिवाय ती आली चालत्या वाटेवर आणि जेवायला बसल्यावर, हे उपासनेत भाषणे लांबवणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

संपूर्ण बायबल घेण्याचे खरे कारण त्या जुन्या करारात आहे. तो शेतकऱ्यांचा आणि मेंढपाळांचा ग्रंथ आहे, आणि पीक बुडणे म्हणजे काय हे त्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. हबक्कूक या संदेष्ट्याचे पुस्तक केवळ तीन अध्यायांचे आहे. त्याचा आरंभ 'मी किती काळ ओरडू आणि तू ऐकणार नाहीस' अशा तक्रारीने होतो. दुसऱ्या अध्यायात संदेष्टा पहाऱ्याच्या जागी उभा राहून आपल्या तक्रारीला देव काय उत्तर देतो याची वाट पाहतो. आणि शेवटी तो यादी करतो की अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतुनाचे उत्पन्न बुडाले, शेतात धान्य नाही, मेंढवाड्यात कळप नाही, गोठ्यात गुरे नाहीत. 'तरी' मी परमेश्वराच्या ठायी उल्लास पावेन, असे तो म्हणतो तेव्हा यादीतील एकही ओळ त्याने खोडलेली नसते. आमच्या मंडळीतील एका आजींना हे प्रथम वाचून दाखवले तेव्हा त्या म्हणाल्या, 'बाबू, हा तं आमच्याच वावराचा हिसोब लिवला हाये.' अंजीर आणि जैतून यांच्या जागी तूर आणि कापूस घालायला त्यांना कोणाच्या मदतीची गरज पडली नाही.

योएल या संदेष्ट्याच्या पुस्तकाविषयी थोडे जपून बोलावे लागेल. मे २०२० मध्ये अमरावती आणि नागपूर जिल्ह्यांतील संत्र्याच्या पट्ट्यात टोळधाड आली, तेव्हा त्याचा दुसरा अध्याय अनेक ठिकाणी वाचला गेला. टोळांनी खाल्लेल्या वर्षांची मी भरपाई करीन, असे तेथे पंचविसावे वचन आहे. काही प्रचारक हे वचन पीक विम्याच्या दाव्यासारखे मांडतात. इतके उपास करा, इतके दान द्या, आणि रक्कम जमा होईल. पुस्तकात मात्र त्याआधी पूर्ण एक अध्याय विलाप आहे. शेतकऱ्यांनी लज्जित व्हावे, द्राक्षमळेवाल्यांनी आक्रोश करावा, कारण शेतातील पीक नष्ट झाले आहे, असे तेथे म्हटले आहे. सर्व गावाने, वडीलधाऱ्यांपासून अंगावरच्या बाळापर्यंत, एकत्र जमावे असा दुसऱ्या अध्यायाचा आग्रह आहे. जेथे नुकसान ज्याच्या त्याच्या सातबाऱ्यावर वेगवेगळे नोंदले जाते आणि त्याची लाजही ज्याची त्याने एकट्याने बाळगायची असते, तेथे गावाने मिळून रडावे ही सूचनाच मला भरपाईच्या वचनाइतकी महत्त्वाची वाटते.

पण एकच अध्याय निवडायचा झाला तर मी जुन्या करारातील '१ राजे' या पुस्तकाचा अध्याय १९ निवडीन. एलीया हा मोठा संदेष्टा आहे. कर्मेल डोंगरावर बआल या देवाच्या संदेष्ट्यांवर त्याने मिळवलेला विजय आदल्याच अध्यायातील आहे. तोच एलीया ईजबेल राणीच्या धमकीने जीव घेऊन पळतो, रानात एका झुडपाखाली बसतो आणि 'आता पुरे, परमेश्वरा, माझा प्राण घे' अशी विनवणी करतो. यावर त्याला कोणी बोल लावत नाही, विश्वास कमी पडला असे म्हणत नाही. तो झोपी जातो. देवदूत त्याला स्पर्श करून उठवतो आणि निखाऱ्यावर भाजलेली भाकर व पाण्याचे भांडे दाखवतो. तो खाऊन पुन्हा झोपतो, आणि देवदूत दुसऱ्यांदा उठवून म्हणतो की खा, कारण तुला दूरचा पल्ला गाठायचा आहे. वारा, भूकंप आणि अग्नी यांच्यानंतरची देवाची मंद वाणी फार पुढे येते. आधी झोप, भाकर आणि पाणी. होरेब डोंगरावर आपण एकटेच उरलो आहोत असे एलीया दोनदा म्हणतो. त्याला पुढचे काम सांगितले जाते, अलीशा हा सोबती मिळतो, आणि बआलापुढे गुडघे न टेकलेले सात हजार लोक अजून आहेत असे कळवले जाते.

या अध्यायामुळेच मला एक गोष्ट स्पष्ट लिहिणे भाग आहे. जगणे नकोसे झाले आहे असे कोणी बोलून दाखवत असेल, तर त्याच्या हाती बायबल देऊन निघून जाणे हे बायबललाही धरून नाही. त्याच्याजवळ थांबावे, त्याला जेवू घालावे, एकटे सोडू नये आणि डॉक्टरकडे न्यावे. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. यवतमाळ जिल्ह्यातील उमरी, वाशीम आणि अचलपूरजवळचे कोठारा येथे ज्या मिशनांनी रुग्णालये उभी केली, त्यांनी प्रार्थनेला औषधाचा पर्याय मानले नव्हते. आजच्या काही सभांमध्ये गोळ्या बंद करायला सांगितले जाते. ते ऐकू नये.

स्तोत्रांविषयी मी थोडक्यात लिहितो, कारण ती बहुधा तिन्ही रूपांत मिळतात. तेविसावे सर्वांना पाठ असते. खचलेल्या माणसाने तेरावे वाचावे. ते केवळ सहा वचनांचे आहे आणि त्याच्या पहिल्या दोन वचनांत 'किती वेळ' हा प्रश्न चार वेळा विचारलेला आहे. बेचाळिसावे आणि त्रेचाळिसावे जोडून वाचावे. 'हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?' ही ओळ त्यांत तीनदा येते, म्हणजे पहिल्यांदा विचारल्यावर जीव काही ऐकत नाही, हे स्तोत्रकर्त्यालाही ठाऊक आहे. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधारातच संपते आणि त्याला कोणताही गोड शेवट जोडलेला नाही. ते ग्रंथात ठेवले गेले याचे मला आजही आश्चर्य आणि समाधान वाटते, परंतु ते एकट्याने न वाचता कोणाच्या तरी सोबतीने वाचावे. विलापगीत या पुस्तकाचेही तसेच आहे. त्यातील 'ती रोज सकाळी नवी होते' हे देवाच्या दयेविषयीचे वचन चौकटीत लावले जाते, पण ते पाच अध्यायांच्या बरोबर मधल्या अध्यायात आहे, आणि त्यानंतर पुन्हा रडणे सुरू होते. पुस्तकाचा शेवट 'तू आम्हांला अगदीच टाकून दिले आहेस काय' या शंकेवर होतो. कॅलेंडरची आशा शेवटी येते. येथे ती मध्येच येऊन जाते आणि वाचकाला पुढच्या पानांत आपल्याबरोबर न्यावी लागते.

ध्वनिमुद्रित बायबल हे ज्यांना वाचता येत नाही किंवा मोतीबिंदूमुळे अक्षर दिसत नाही त्यांच्यासाठी उत्तम साधन आहे. मोफत ॲप मिळतात, आणि गावात रेंज असताना ध्वनिफीत एकदा उतरवून घेतली की मेळघाटातील रेंज नसलेल्या पाड्यावरही ती चालते. रात्री झोप लागत नसेल तेव्हा दिवा न लावता ऐकता येते, हा लाभ लहान नाही. उणीव अशी की आवाज थांबत नाही. हबक्कूकच्या त्या 'तरी'पाशी वाचक दिवसभर अडू शकतो, ऐकणारा मात्र पुढच्या पुस्तकात जाऊन पोहोचलेला असतो. काही ध्वनिफितींत वाचनामागे संगीत घातलेले आहे. विलापगीतामागे बासरी वाजवण्याचे प्रयोजन मला समजले नाही.

भाषेबद्दल मतभेद होतील. मराठीत नवा करार प्रथम श्रीरामपूरच्या, म्हणजे बंगालमधील सेरामपूरच्या, छापखान्यातून विल्यम कॅरी या मिशनऱ्याच्या प्रयत्नाने १८११ साली निघाला. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून साध्या मराठीत संपूर्ण बायबल उतरवण्याचे काम पंडिता रमाबाईंनी केले, आणि १९२२ साली त्यांचे निधन झाल्यानंतर ते छापून प्रसिद्ध झाले. आज उपासनेत जे भाषांतर प्रामुख्याने वाचले जाते त्याची मराठी भारदस्त आहे, वाक्ये लांब आहेत आणि दहावी-बारावीतील मुले यिर्मया वाचताना अडखळतात. सोप्या मराठीतील नवी भाषांतरेही मिळतात. पहिल्या वाचनासाठी ती घ्यायला हरकत नाही. मात्र पाठ करायचे असेल तर मी जुनेच सुचवीन, कारण त्याला लय आहे, आणि ऐन अडचणीत तोंडी येते ते लयीमुळेच.

छपाईबाबत काही व्यावहारिक सूचना करतो. कागद पातळ असतो आणि मागच्या पानाची शाई दिसते. जेल पेनाने खुणा केल्यास ती आरपार जाते, म्हणून पेन्सिल वापरावी. पावसाळ्यात कुडाच्या घरात पाने ओलसर होऊन चिकटतात, तेव्हा प्रत जाड कापडात गुंडाळून उंच ठेवावी. घरातील वापरात बांधणी सर्वांत आधी सुटते ती स्तोत्रसंहितेपाशी, कारण पुस्तक तेथेच उघडले जाते. पुठ्ठा आणि शिवण यांची मजबुती घेतानाच पाहावी, नुसत्या चिकटवलेल्या प्रती टाळाव्यात. प्रकरणांचे मथळे आणि संदर्भवचने असलेली आवृत्ती घेतल्यास बाविसाव्या स्तोत्रावरून मत्तयाकडे जाणे सोपे होते. शेवटचे नकाशे सहसा इतके बारीक छापलेले असतात की त्यांच्यासाठी वेगळे पैसे मोजू नयेत. मोठ्या टाइपाची प्रत जड असते आणि वावरात नेता येत नाही, हा तिचा एकमेव मोठा दोष. किंमत आवृत्तीनुसार बदलते, पण साध्या बांधणीची प्रत फवारणीच्या एका चांगल्या औषधापेक्षा महाग पडत नाही.

तालुक्याच्या बाजारात ही पुस्तके क्वचितच मिळतात. नागपूर किंवा अमरावतीला कोणी जाणार असेल तर मागवावीत, किंवा पाळकसाहेबांना सांगावे. अनेक मंडळ्यांच्या कपाटात चांगल्या प्रती वाचकाविना पडलेल्या असतात. भेट देताना पहिल्या पानावर आपल्या आवडीचे वचन लिहिण्याची आपल्याकडे पद्धत आहे. त्याऐवजी तेथे '१ राजे १९, हबक्कूक १ ते ३, स्तोत्र १३, लूक २४' एवढे लिहावे, आणि शक्य असल्यास त्यातील पहिला अध्याय त्या घरी बसून, चहा होईपर्यंत, मोठ्याने वाचून यावे.